सिल्व्हर ओक: ‘याला काहीच लागत नाही’ म्हणून विकतात त्या झाडाची लागवड

नाशिकच्या मखमलाबादला आमचा साडेसहा गुंठ्यांचा प्लॉट आहे. घर बांधून झाल्यावर कुंपणाच्या कडेला उंच, सरळ, जरा ऐटदार काहीतरी हवं म्हणून मी नर्सरीत गेले. नर्सरीवाल्या दादांनी माझ्या खांद्याइतकी उंच तीन रोपं गाडीत ठेवली आणि म्हणाले, “ताई, सिल्व्हर ओक आहे. याला काहीच लागत नाही. लावा आणि विसरून जा.”

तिन्ही एकाच दिवशी लावली. पहिलं दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पिवळं पडत पडत गेलं. दुसरं चौथ्या वर्षी मे महिन्यातल्या वळवात मुळासकट आडवं झालं. तिसरं आज आमच्या गच्चीच्या वर गेलंय आणि खरोखरच काही मागत नाही.

दादा खोटं बोलले नव्हते. निफाडची थंडी, एप्रिलमधलं ऊन, मुरमाड जमीन, खताची वानवा हे सगळं हे झाड सोसतं. सोसत नाही त्या तीन गोष्टी: मुळाशी साचलेलं पाणी, स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत आणि पिशवीत वेटोळी झालेली मुळं. यातल्या पहिल्या दोन मी हौसेनं केल्या, तिसरी नर्सरीतून विकत आणली. पुढचं सगळं त्या दोन मेलेल्या झाडांकडून आणि नंतर निफाड तालुक्यातल्या मामांच्या बांधावर बियांपासून वाढवलेल्या चाळीस झाडांकडून शिकलेलं आहे.

झाड नेमकं कोणतं

नावात ओक असलं तरी याचा ओकशी संबंध नाही. शास्त्रीय नाव ग्रेव्हिलिया रोबस्टा, कुळ मॅकाडेमियाचं. मूळ गाव पूर्व ऑस्ट्रेलिया: क्वीन्सलंडचा दक्षिण भाग आणि न्यू साउथ वेल्सचा उत्तर भाग. तिथल्या लोकांना त्याचं लाकूड ओकसारखं रेघांचं आणि रेशमी चमकेचं दिसलं, म्हणून ते त्याला ‘सिल्की ओक’ म्हणतात. आपल्याकडे लाकडापेक्षा पान आधी दिसलं आणि ‘सिल्व्हर’ झालं. ‘ग्रेव्हिलिया’ हे नाव चार्ल्स ग्रेव्हिल या अठराव्या शतकातल्या इंग्रज वनस्पतीप्रेमीवरून आलंय. भारतात हे झाड मुख्यतः चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी वाढलं. कूर्ग-चिकमगळूरला गेलात तर मिऱ्याचे वेल अंगावर घेऊन उभी असलेली उंच सरळ झाडं बहुधा हीच.

पान नेच्यासारखं कातरलेलं, साधारण १५ ते ३० सेंटीमीटर लांब. वरून गडद हिरवं. उलटं करून अंगठा फिरवला तर तलम लव हाताला लागते, सायीवरून बोट फिरवल्यासारखी. चांदी म्हणतात ती हीच लव. पानातलं पाणी कमी उडावं म्हणून ती असते, आणि उन्हाळ्यात हे झाड टिकतं त्यात तिचा मोठा वाटा आहे. वारा नसताना झाड साधं हिरवं दिसतं. जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुरू झाला की सगळी पानं एकदम उलटतात आणि पूर्ण झाड पांढुरकं होतं. ते बघायचं असेल तर झाड अशा ठिकाणी लावा की खिडकीतून पूर्ण दिसेल आणि मागे गडद काहीतरी असेल. आमच्या मागे शेजाऱ्यांचा आंबा आहे. हा निव्वळ योगायोग, पण फार चांगला.

पिवळी फुलं येणारा, पानं दोन्ही बाजूंनी चंदेरी असलेला एक टॅबेबुयाही नर्सऱ्यांत मिळतो. ते झाड वेगळं. प्लॉट तीन-चार गुंठ्यांचा असेल तर माझं स्पष्ट मत: सिल्व्हर ओकच्या नादी न लागता तोच लावा. सहा-आठ मीटरवर थांबतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळून पिवळाधमक होतो. खोड जरा वाकडं जातं, एवढंच.

जागा: घरापासून किती लांब

मायदेशी सिल्व्हर ओक ३५ मीटरपर्यंत जातो. आपल्याकडे १५ ते २० मीटर धरून चाला, म्हणजे पाच-सहा मजले. लाकूड जोरात वाढलेलं, म्हणून फांद्या ठिसूळ. वादळात या झाडाची फांदी वाकत नाही, सरळ तुटते. म्हणून भिंतीपासून निदान ८ मीटर, जमलं तर १०. विजेच्या तारांखाली अजिबात नको. पार्किंगवर, पाण्याच्या टाकीवर, शेजाऱ्यांच्या पत्र्यावर फांदी येईल अशी जागा नको. आमचं पडलेलं झाड कंपाउंडच्या आत पडलं, नाहीतर शेजारच्या वहिनींचं तुळशीवृंदावन गेलं असतं.

ऊन पूर्ण हवं. अर्धवट सावलीत ते उजेडाकडे झुकत, कमजोर वाढतं.

आणखी एक गोष्ट लावण्याआधीच ठरवा. महानगरपालिकेच्या हद्दीत, आपल्याच आवारात असलं तरी, मोठं झालेलं झाड मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ‘लावून बघू, जड झालं तर काढू’ हा विचार इथे चालत नाही.

जमीन: एक खड्डा, दोन बादल्या आणि एक रात्र

नाशिकमध्ये दोन रस्त्यांच्या अंतरावर जमीन बदलते. पांडवलेणीच्या बाजूला फूटभर माती खणली की मुरूम लागतो. गोदावरीकाठच्या भागांत आणि निफाडकडे काळी कसदार जमीन आहे, चार-पाच फूट खोल. ऊस-द्राक्षवाले तिला सोनं म्हणतात. सिल्व्हर ओकच्या दृष्टीनं मुरूमच सोनं. काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरते, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड गुदमरतं.

परीक्षा सोपी आहे. जिथे लावायचं तिथे दोन फूट खोल खड्डा घ्या. काठापर्यंत पाणी भरा, जिरू द्या. पुन्हा भरा, आणि या दुसऱ्या वेळेचं पाणी किती वेळात उतरतं ते बघा. संध्याकाळी भरलं आणि सकाळी खड्डा कोरडा असेल तर जागा उत्तम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही तळाला पाणी चमकत असेल तर तिथे खड्ड्यात लावू नका.

काळ्या जमिनीत लोक काय करतात ते मला माहीत आहे, कारण मीच केलं. तीन फुटांचा खड्डा घेतला, काळी माती बाहेर काढली, आत लाल माती, वाळू, शेणखत असं छान भुसभुशीत मिश्रण भरलं. तो खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेला हंडा झाला. चहूबाजूंचं पावसाचं पाणी त्या पोकळ मातीत उतरायचं आणि काळ्या मातीच्या भिंतींतून बाहेर जायला वाट नाही. पहिलं झाड तिथे गेलं. उपटलं तेव्हा मुळं काळपट, बोटांनी दाबली की साल सुटून येत होती आणि कुजका वास येत होता.

काळ्या जमिनीवर उपाय उंचवट्याचा. आजूबाजूचीच माती ओढून दीड मीटर रुंद आणि एक ते दीड फूट उंच ढीग करा, त्यात चाळलेला मुरूम मिसळा, आणि ढिगाच्या माथ्यावर रोप लावा. मामांकडे सगळी झाडं बांधावर आहेत. बांध हा आपसूक तयार असलेला उंचवटा.

दुसरी अडचण चुनखडीची. जमिनीत पांढरे खडे दिसत असतील, किंवा माती परीक्षणात सामू (पीएच) आठच्या वर येत असेल, तर नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसू लागतात. मामांनी आमच्या झाडाकडे लांबूनच बघून सांगितलं होतं, “अगं, हे लोहाचं आहे. द्राक्षाला होतं तसंच.” लोह जमिनीत असतं, चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही. लहान झाडाला फेरस सल्फेटची फवारणी, लिटरला ५ ग्रॅम, सकाळी लवकर, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा. जमिनीतून द्यायचं असेल तर चिलेटेड (विरघळतं राहावं म्हणून बांधलेल्या) लोहातलं ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं घ्या. ‘ईडीटीए’ स्वस्त पडतं पण चुनखडीच्या जमिनीत फारसं टिकत नाही. नुसतं फेरस सल्फेट चुनखडीत टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

रोप घेताना पिशवी फाडून बघा

पडलेलं दुसरं झाड आम्ही बाजूला केलं तेव्हा मला वाटलं होतं की मोठ्ठा मुळांचा पसारा निघेल. निघाला तो घागरीएवढा गोळा. मूळ मनगटाएवढं जाड, आणि गोल गोल फिरलेलं, चकलीसारखं. चार वर्षं जमिनीत राहूनही मुख्य मुळं त्या पिशवीच्या आकाराबाहेर नीट गेलीच नव्हती. वरती पंधरा फुटांचं झाड आणि खाली चकली. पहिलं जोरदार वळीव आलं आणि ते गेलं.

दोष खांद्याइतक्या उंच रोपाचा होता. एवढं मोठं रोप छोट्या पिशवीत म्हणजे ते तिथे दोन वर्षं अडकून पडलेलं. म्हणून नियम उलटा करा: नर्सरीत सगळ्यात लहान, ठणठणीत रोप मागा. फूट-दीड फूट उंची पुरे. खोड पेन्सिलीएवढं, पानं खालपर्यंत असलेली, शेंडा एकच. पिशवीच्या तळातून मूळ बाहेर येऊन जमिनीत घुसलं असेल तर ते रोप सोडा. विक्रेत्याला विचारून एका रोपाची पिशवी बाजूनं थोडी फाडून बघितली तर बहुतेक जण हरकत घेत नाहीत. मातीपेक्षा पांढरी-तपकिरी मुळंच जास्त दिसली, तीही गोल फिरलेली, तर दुसरीकडे जा.

लहान रोप मोठ्याच्या मागे राहत नाही. चांगल्या जागी पहिल्या काही वर्षांत हे झाड वर्षाला दीड-दोन मीटर वाढतं, मुरमावर मीटरभर. मी मामांकडे फुटाची रोपं लावली, ती तिसऱ्या वर्षी माझ्या डोक्यावर कधीच गेली होती.

बियांपासून रोपं

चार-पाचपेक्षा जास्त झाडं लावायची असतील तर बी गोळा करा. यात खर्च नाही, आणि मुळांवर पहिल्या दिवसापासून आपलं लक्ष राहतं.

फुलं साधारण मार्च-एप्रिलमध्ये येतात, केशरी-सोनेरी, दात घासायच्या ब्रशसारखी एका बाजूला वळलेली. त्यानंतर दोनेक महिन्यांनी शेंगा तयार होतात. शेंग म्हणजे दोन सेंटीमीटरची, होडीच्या आकाराची कातडी डबी, टोकाला फुलाचा वाळलेला धागा तसाच. आत एक किंवा दोन चपट्या बिया, भोवती कागदासारखे पंख. सगळी कसरत वेळेची. हिरव्या शेंगेतलं बी कच्चं. तपकिरी होऊन उकलली की बी वाऱ्यावर. मधला आठवडा-दहा दिवसांचा काळ पकडायचा: शेंगा हिरव्याच्या तपकिरी होऊ लागल्या, झुपक्यातली एखाद-दुसरी उकलली, की त्याच दिवशी झुपके कापून घ्यायचे.

हे झुपके सावलीत चादरीवर पसरा आणि वर जुनी मच्छरदाणी टाका. मच्छरदाणी विसरू नका. पहिल्या वर्षी मी हॉलमध्ये वर्तमानपत्रावर ठेवले होते आणि दुपारी घरातल्या कुणीतरी पंखा लावला. ऑगस्टपर्यंत कॅलेंडरच्या मागे, शोकेसमध्ये, गाद्यांच्या खोळीत बिया सापडत होत्या.

तीन-चार दिवसांत शेंगा उकलतात. बिया झटकून घ्या. पोकळ बिया हाताला लगेच कळतात, मधे टणक फुगीर भाग नसतो. बी ताजंच पेरलेलं बरं. उघड्यावर ठेवलं तर काही महिन्यांत उगवण झपाट्यानं घसरते. ठेवायचंच असेल तर पूर्ण कोरडं करून घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्ये.

पेरणी जूनमध्ये. बिया एक दिवस साध्या पाण्यात भिजवा. दोन भाग जाड वाळू, एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं खत, असं मिश्रण पसरट ट्रेमध्ये भरा. बी आडवं ठेवून अर्धा सेंटीमीटर वाळूनं झाका. जास्त खोल गेलं तर वर येत नाही. झारीनं पाणी, आणि पावसाचा मारा थेट लागू नये म्हणून वर शेडनेट किंवा पत्रा. दोन ते चार आठवड्यांत उगवतं, सगळं एकाच वेळी नाही. धीर सोडून ट्रे उलटा करू नका. मी केलाय.

या काळातला शत्रू म्हणजे मर. पावसाळी दमट हवेत इवली रोपं मातीलगत काळी पडून आडवी होतात. पाणी कमी करा, दाट उगवलेली विरळ करा, पेरणीआधी मिश्रणात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळा. नाशिकला द्राक्षांमुळे तो कुठल्याही कृषी केंद्रात मिळतो.

पानांच्या दोन जोड्या आल्या की रोप पिशवीत हलवायचं. काडीनं खालून उचला, खोडाला न धरता पानाला धरा. सोटमूळ लांब असेल तर नखानं टोक खुडा, पण पिशवीत दुमडून घालू नका. वेटोळ्याची सुरुवात इथेच होते. ६ बाय ८ इंची पिशवी पुरे. मातीत स्फुरदाचं कुठलंही खत नको, बोनमीलही नको. पुढच्या जुलैपर्यंत फूट-दीड फूट होतं आणि तेव्हा ते जमिनीत गेलंच पाहिजे. आणखी एक वर्ष पिशवीत ठेवलं तर तुम्हीही चकलीच तयार कराल.

झाडाखाली आपोआप उगवलेली रोपं शोधायला जाल तर निराश व्हाल. मोठ्या सिल्व्हर ओकच्या मुळांजवळ त्याचीच रोपं तग धरत नाहीत. मुळांशी निगडित असा काही विषारी घटक त्यांना मारतो, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९६७ मध्ये दाखवलं. व्यवहारात याचा अर्थ एवढाच: जुनं झाड जिथे होतं, नेमक्या त्याच खड्ड्यात नवं सिल्व्हर ओक लावू नका.

लावणी

मृगाच्या पहिल्या सरीला घाई करू नका. जूनमध्ये नाशिकला पाऊस येतो, दडी मारतो आणि मधे कोरडा वारा सुटतो. जमीन हातभर खोल ओली झाली की लावा, बहुधा जुलैचा पहिला-दुसरा आठवडा. इगतपुरी-त्र्यंबककडचं गणित वेगळं. तिकडे पावसाचा जोर एवढा की ऑगस्ट उतरताना, उताराच्या जागी लावलेलं बरं.

मुरमाड जमिनीत दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, बाजू कुदळीनं खरवडून ओबडधोबड. मातीत एक घमेलं जुनं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड. पेंड खतासाठी कमी आणि वाळवीसाठी जास्त. कोवळ्या सिल्व्हर ओकला मुरमाड माळावर वाळवी लागते, आणि बाहेरून काही कळत नाही. एक दिवस शेंडा माना टाकतो आणि खाली साल पोखरलेली असते.

पिशवी कापून काढा, ओढून काढू नका. गोळ्याच्या बाहेरच्या बाजूला मुळं फिरलेली दिसली तर धारदार ब्लेडनं वरून खाली तीन-चार उभे काप द्या, पाव इंच खोल. बघवत नाही पण द्या. कापलेल्या टोकांतून नवी मुळं सरळ बाहेर जातात. रोप पिशवीत जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवा. खोड मातीत बुजवलं तर कुजतं.

आधाराला बांबू एक नको, दोन हवेत, दोन्ही बाजूंना. सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, सैल. खोड वाऱ्यात थोडं हललं पाहिजे, त्या हलण्यानंच बुंधा जाड होतो. एका वर्षानं बांबू काढून टाका.

पाणी आणि खत

पहिला पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून मेपर्यंत आठवड्याला १५ ते २० लिटर. ठिबक असेल तर खोडापासून दीड फुटावर दोन्ही बाजूंना ताशी ४ लिटरचे ड्रीपर, अडीच तास. रोज थोडं थोडं शिंपडू नका, मुळं वरच राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, पण तिप्पट. तिसऱ्या उन्हाळ्यात एप्रिल-मेपुरतं. त्यानंतर नर्सरीवाल्या दादांचं वाक्य खरं होतं.

बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन चार इंच जाड, खोडाला न टेकता. थंडीत पहिल्या वर्षी निफाड भागात थोडी काळजी लागते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाचच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. मोठं झाड शून्याखालची थंडीही सोसतं, कोवळा शेंडा मात्र करपतो. अशा रात्रींआधी संध्याकाळी पाणी द्या आणि रोपाभोवती गोणपाट उभं करा. करपलंच तर लगेच कापू नका. फेब्रुवारीत खालून डोळे फुटतात, मग कापा.

खताबद्दल ऐका, कारण इथे आपली सवय आड येते. या कुळातल्या झाडांना मुळांच्या टोकांशी बारीक केसाळ मुळांचे झुपके येतात, बाटली घासायच्या ब्रशसारखे. ऑस्ट्रेलियातल्या स्फुरद-गरीब जमिनीतून कण कण ओढून घेण्यासाठी ती सोय आहे. अशा झाडाला मूठभर डीएपी, म्हणजे स्फुरदानं भरलेलं दाणेदार खत, देणं म्हणजे दुष्काळात वाढलेल्याला एका बैठकीत पाच किलो श्रीखंड. पानं पिवळी पडतात, कडा करपतात, आणि आपण ‘कमी पडलं वाटतं’ म्हणून आणखी मूठभर टाकतो. माझ्या पहिल्या झाडाचं नेमकं असं झालं. साचलेल्या पाण्यानं अर्धमेलं होतं, उरलेलं मी केलं. डीएपी, सुपर फॉस्फेट, बोनमील, १९:१९:१९, फुलझाडांसाठीची तयार मिश्रणं, सगळं दूर ठेवा. वर्षाला एक घमेलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, जूनमध्ये, तेही पहिली तीन वर्षं. पुरे.

चुनखडीच्या जमिनीत बरंचसं स्फुरद चुन्याशी अडकून बसतं, म्हणून मोठी झाडं असल्या चुका पचवतात. कुंडीतली आणि पहिल्या दोन वर्षांतली रोपं पचवत नाहीत.

द्राक्षबागेच्या बांधावर

मामांनी बागेच्या पश्चिमेला एक ओळ लावली, दोन झाडांत तीन मीटर. वारा अडवणाऱ्या ओळीचा फायदा तिच्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत जाणवतो. सिल्व्हर ओकची सावली विरळ असल्यामुळे सुरुवातीची काही वर्षं तरी बागेला त्रास होत नाही. वेलीच्या पहिल्या रांगेपासून सहा-सात मीटर सोडा. मुळं पाणी ओढतातच. नीलगिरीइतकी नाहीत असं मामा म्हणतात, मी मोजलेलं नाही.

एक गोष्ट मात्र पक्की सांभाळा: बागेची लॅटरल (ठिबकची नळी) वाढवून त्याच पाण्यावर ही झाडं जगवू नका. त्या नळीतून ०:५२:३४ हे विद्राव्य खत आणि फॉस्फरिक ॲसिड जातं, म्हणजे स्फुरदच. पहिली दोन वर्षं वेगळी नळी टाका किंवा टँकरनं पाणी घाला.

छाटणी

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शेंड्याकडे लक्ष ठेवा. दोन शेंडे बरोबरीनं वर जात असतील, मधे इंग्रजी ‘व्ही’सारखी अरुंद बेचकी झाली असेल, तर एक काढाच. तीच बेचकी दहा वर्षांनी वादळात फाटते, आणि फाटते ती बुंध्यापर्यंत. खालच्या फांद्या हळूहळू काढा, एका वर्षात उंचीच्या खालच्या एक तृतीयांशाहून वर जाऊ नका. वरून शेंडा मारून झाड ‘आटोक्यात’ ठेवायचा विचार असेल तर हे झाड लावूच नका. शेंडा मारला की तिथे चार-पाच कमजोर फांद्या फुटतात आणि त्या पहिल्या वादळात खाली येतात.

वेळ नोव्हेंबर ते जानेवारी, कोरडी हवा. जखमेवर बोर्डो पेस्ट: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. एवढं लागणार नाही, १०० ग्रॅमचं प्रमाण धरा. हातमोजे घाला. या झाडाच्या पानांनी आणि भुशानं काही जणांच्या अंगावर खाजरं पुरळ उठतं. आमच्याकडे छाटायला आलेल्या दादांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत उठलं होतं, आठवडाभर.

फांद्या छाटून सहन करतं म्हणून बुंध्यापासून तोडलं तरी फुटेल असं समजू नका. जुनं झाड खोडापासून कापलं तर बहुधा जातं.

खोडावरून डिंक ओघळताना दिसला तर आधी मुळाशी पाणी साचतंय का बघा, मग गवत कापायच्या मशीनची जखम आहे का बघा. दोन्हींपैकी एक सापडतंच, औषधाचं दुकान नंतर.

पाचोळा आणि फुलं

फुलोऱ्याआधी, उन्हाळा लागताना, हे झाड बरीच पानं टाकतं. ती चिवट असतात, लवकर कुजत नाहीत, आणि गच्चीवरच्या पन्हाळीत जाऊन बसतात. मेअखेर पन्हाळी साफ केली नाही तर पहिल्याच पावसात भिंतीवरून पाणी उतरतं. कंपोस्टमध्ये टाकायची तर कोयत्यानं बारीक करून टाका. आम्ही तशीच झाडाखाली पसरतो. त्याखाली हिरवळ धड येत नाही, म्हणून लॉनचा हट्ट सोडला आणि दगड मांडून बसायची जागा केली.

फुलं यायला सहा-सात वर्षं लागतात, कधी दहा. आमच्या झाडाला आठव्या मार्चमध्ये आली, तीही मागच्या बाजूनं, जुन्या फांद्यांवर, आम्हाला दिसलीच नाहीत. शिंजीर आणि साळुंक्यांची गर्दी का झाली म्हणून वर बघितलं तेव्हा कळलं. मध इतका असतो की पहाटे झुपका हलवला तर हातावर थेंब पडतात. त्या तीन-चार आठवड्यांत झाडाखाली गाडी लावू नका. मधाचे ठिपके उन्हात वाळतात, त्यावर पाचोळ्याची धूळ बसते आणि काच नुसत्या फडक्यानं पुसली की धूसर होते. आधी कोमट पाणी ओता, दहा मिनिटं थांबा, मग पुसा.